वीस पौंडांचं गणितयंत्र

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचं आहे एका छंदाविषयी. भोकं पाडलेल्या पट्ट्या, नट-बोल्ट, चाकं, पुल्या जोडून चालती-फिरती यंत्रं बनवायची, आणि त्याच्या पुढची पायरी म्हणजे प्रोग्रॅम घालून चालवायचे रोबो बनवायचे, असा हा छंद. तो लहान मुलांपुरता आहे असं आपण धरून चालतो. खोक्यावर वय छापलेलंच असतं, अमुक वर्षं ते तमुक वर्षं. मला ते अजिबात मान्य नाही, आणि त्यासाठी माझ्याकडे एक गोष्ट आहे. ती सांगायचीच आहे मला, पण आधी थोडं खोक्याविषयी.

आपल्याकडे पुष्कळ घरांत मेकॅनिक्सचा डबा असतो. माळ्यावर असेल, पलंगाखाली असेल. त्यातल्या काही पट्ट्या वाकलेल्या, निम्मे नट हरवलेले. हा डबा ज्या घराण्यातला आहे त्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे मेकॅनो. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला फ्रँक हॉर्नबी नावाचा एक कारकून होता, मांसाची आयात करणाऱ्या पेढीत काम करायचा. आपल्या मुलांसाठी तो घरी पत्रा कापून क्रेन, पूल वगैरे करत असे. प्रत्येक खेळण्यासाठी वेगळे तुकडे कापावे लागत. मग त्याला सुचलं, की सगळ्या पट्ट्यांना सारख्या अंतरावर भोकं पाडली तर तीच पट्टी आज क्रेनला लागेल, उद्या गाडीला. भोकांमधलं अंतर त्यानं ठेवलं अर्धा इंच. 1901 साली पेटंट घेतलं, 1907 साली मेकॅनो हे नाव नोंदवलं.

अर्धा इंच. हे लक्षात ठेवा श्रोतेहो, अर्धा इंच. सगळी गंमत त्या अर्ध्या इंचात आहे. कोणतीही पट्टी कोणत्याही पट्टीवर ठेवा, भोकावर भोक येतं. त्यातून दांडा ओवला की तो सरळच बसतो. दातेरी चाकंसुद्धा त्याच मापात बसतील अशी कापलेली. 19 दात्यांचं छोटं चाक आणि 57 दात्यांचं मोठं चाक एक इंच अंतरावर, म्हणजे मध्ये एक भोक सोडून लावलं, की दाते दात्यांत नेमके बसतात. छोट्याचे तीन फेरे झाले की मोठ्याचा एक. वेग तिसरा हिस्सा, जोर तिप्पट, घर्षणात जाईल तेवढं सोडून. खेळण्यात इतकी अचूकता कशाला, असं वाटेल. ती कामाला कशी आली, तीच आता गोष्ट.

साल 1933. इंग्लंडमध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री नावाचे गणिताचे प्राध्यापक होते. ज्यांनी विज्ञान शाखेत वरचं रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र केलंय त्यांना हे नाव ओळखीचं असेल, कारण अणूंच्या जगात ऊर्जा मोजायच्या एककालाच हार्ट्री म्हणतात. तर या हार्ट्रींचं काम काय, तर अणूमध्ये इलेक्ट्रॉन कसे पसरलेले असतात याची गणितं सोडवायची. ही गणितं म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्स, एखादी गोष्ट कशी बदलत जाते ते सांगणारी समीकरणं. सूत्रात घालून उत्तर काढता येईल अशी ती नव्हती. आकडे घ्यायचे, एक पाऊल पुढे जायचं, पुन्हा आकडे घ्यायचे, पुन्हा एक पाऊल. आणि हे सगळं टेबलावरच्या गणकयंत्रावर, हातानं. या कामात त्यांच्या मदतीला होते त्यांचे वडील विल्यम हार्ट्री. वडील स्वतः केंब्रिजला इंजिनिअरिंग शिकवत असत, आणि निवृत्तीनंतर मुलाबरोबर आकडेमोड करत बसत. मला हे चित्र फार आवडतं. बापलेक एका टेबलाशी, मध्ये आकड्यांचे कागद. आपल्याकडे निवृत्त माणसाला आपण भाजी आणायला पाठवतो. त्याच्या हाताशी आयुष्यभराचं कसब असतं, त्याचं काय? असो, गोष्टीकडे येते.

अमेरिकेत एमआयटी या संस्थेत व्हॅनिव्हर बुश यांनी 1931 च्या सुमाराला एक यंत्र पुरं केलं होतं, डिफरन्शियल अ‍ॅनलायझर. खोलीभर दांडे, दातेरी चाकं, तबकड्या. वीज फक्त मोटर फिरवायला, बाकी सगळा कारभार यांत्रिक. हे यंत्र हार्ट्रींना हवी तसली समीकरणं सोडवायचं. हार्ट्रींनी त्याचे फोटो पाहिले, आणि त्यांच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? की कुणीतरी भलामोठा मेकॅनोचा संच घेऊन मजेत खेळत बसलेलं दिसतंय! हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

1933 च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेला गेले, यंत्र डोळ्यांनी पाहिलं, हातानं चालवलं, आणि परत आले ते हा विचार पक्का करूनच: आपण हे खरोखरच मेकॅनोत बनवून बघू. आता प्राध्यापकाला हे सुचणं वेगळं आणि बसून जोडणं वेगळं. जोडायला उभा राहिला त्यांचा विद्यार्थी, आर्थर पोर्टर. विशीतला मुलगा. त्यानं संचातल्या पट्ट्या, दांडे, चाकं घेतली आणि कामाला लागला.

हे यंत्र गणित कसं करतं, ते थोडक्यात सांगते. डोळ्यांपुढे आणा. एक आडवी तबकडी आहे, ती गोल फिरते आहे. तिच्यावर एक छोटं चाक उभं टेकवलं आहे, ते तबकडीबरोबर घासत फिरतं. चाक तबकडीच्या मध्याजवळ असेल तर हळू फिरेल. मध्यापासून लांब, कडेकडे सरकवलं तर भराभर फिरेल. म्हणजे चाक किती फिरलं हे दोन गोष्टींवर ठरतं, तबकडी किती फिरली आणि चाक मध्यापासून किती लांब होतं. तबकडी फिरता फिरता चाक आत-बाहेर सरकवत राहिलात, तर चाकाचे एकूण फेरे म्हणजे सगळ्या छोट्या छोट्या गुणाकारांची बेरीज. बारावीला जे इंटिग्रेशन शिकलात, तेच. पुन्हा सांगते: चाक कडेला, फेरे जास्त, चाक मध्याशी, फेरे कमी, आणि यंत्र त्यांची बेरीज ठेवतं.

अडचण कुठे आली? ते छोटं चाक तबकडीवर नुसतं टेकलेलं आहे. त्याच्यावर पुढच्या दांड्यांचं, दातेरी चाकांचं ओझं टाकलं की ते घसरणार. घसरलं की बेरीज चुकली. म्हणजे चाकाकडून फेरे तर घ्यायचे, पण त्याला काम करायला लावायचं नाही. यासाठी बुश यांच्या यंत्रात जोर वाढवणारी एक जोडणी होती, आणि पोर्टरला तीच खेळण्याच्या भागांतून उभी करायची होती. कोकणात होडी धक्क्याला लावताना खलाशी दोर खुंटाला दोन-तीन वेढे देतो आणि मोकळं टोक हातात नुसतं धरतो. दोन बोटांच्या जोरावर होडी थांबते, कारण खरा भार वेढ्यांच्या घर्षणानं तोललेला असतो. इथे खुंटाच्या जागी मोटरनं सतत फिरणारा ढोल, त्याच्याभोवती दोरीचे वेढे. चाकानं दोरीचं एक टोक किंचित ओढलं, की वेढे ढोलावर आवळतात आणि दुसरं टोक मोटरच्या जोरानं ओढलं जातं. हुकूम चाकाचा, ताकद मोटरची. दोरी कसली, वेढे किती, ढोल किती गुळगुळीत, यावर सगळा खेळ. जरा घट्ट झालं तर यंत्र थरथरायला लागतं, जरा सैल झालं तर घसरतं.

हे कुठल्याही पुस्तिकेत नव्हतं. संचाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत क्रेन असते, पवनचक्की असते. पोर्टरला लागणारं चित्र त्याला स्वतःच काढावं लागलं. आणि इथे मला दिवाळीच्या किल्ल्याची आठवण होतेच. अंगणात दगड-माती आणून पोरं किल्ला करायची. बुरूज कुठे, तळं कुठे, यावरून भांडायची. मातीवर अळीव पेरायची. आता प्लॅस्टरचा तयार किल्ला विकत मिळतो, आणून गॅलरीत ठेवायचा, वर मावळे मांडायचे. आईवडिलांना वेळ नसतो हे मलाही कळतं. पण तो किल्ला नव्हे. विज्ञान प्रदर्शनातही तेच, ज्वालामुखीचं तयार मॉडेल दुकानातून येतं आणि बक्षीस घेऊन जातं.

तर, 1934 साली पोर्टरचं यंत्र चाललं. खर्च आला सुमारे 20 पौंड. एका बाजूला माणूस बसायचा, समोरच्या कागदावर आलेख काढलेला. दांडी फिरवत फिरवत काटा त्या रेषेवर धरून ठेवायचा. दुसऱ्या बाजूला पेन आपोआप उत्तराची रेघ काढायचं. उत्तरात चूक साधारण 2 टक्के. 2 टक्के, श्रोतेहो, पत्र्याच्या पट्ट्यांनी! आणि यंत्र नुसतं दाखवायला ठेवलं नाही. अणूंची जी समीकरणं बापलेक हातानं सोडवत होते, त्याच प्रकारची समीकरणं त्यावर सोडवली, आणि पोर्टरनं त्यावर आपला प्रबंध लिहिला. हे बघून सर रॉबर्ट मॅक्डुगल यांनी पैसे दिले, मेट्रोपॉलिटन-व्हिकर्स या कंपनीनं खरं मोठं यंत्र बांधलं आणि 1935 मध्ये ते मँचेस्टरला सुरू झालं. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्या मोठ्या यंत्रानं युद्धाच्या कामाची गणितं केली. मेकॅनोच्या यंत्राची बातमी ऐकून केंब्रिजलाही तसंच एक बांधलं गेलं. ते नंतर न्यूझीलंडला गेलं, आणि आज ऑकलंडच्या संग्रहालयात आहे. पोर्टर 2010 साली गेले, वयाच्या 99 व्या वर्षी.

माझी गोष्ट ही. आता खोक्यावरचं वय कुणी मला सांगू नये.

वेळ बराच गेला, म्हणून रोबोंकडे भराभर येते. 1998 साली लेगो कंपनीनं माइंडस्टॉर्म्स नावाचा संच आणला. त्यात एक मोठी पिवळी वीट होती, तिच्या पोटात छोटा संगणक. तीन मोटरा जोडायची सोय, तीन सेन्सर जोडायची सोय. संगणकावर प्रोग्रॅम लिहायचा, विटेत पाठवायचा, मग वीट स्वतःच मोटरा चालवते. यामागे एमआयटीतल्या सीमोर पॅपर्ट यांचं काम होतं; मूल हातानं काहीतरी बनवताना सगळ्यात चांगलं शिकतं, असं ते मानत. 2006 आणि 2013 साली या विटेच्या नव्या पिढ्या आल्या. 2014 साली दोघा इंग्रज छांदिष्टांनी लेगोचे हात आणि डोक्याच्या जागी मोबाइल फोन लावून रुबिकचा क्यूब 3.253 सेकंदांत सोडवला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या एका भारतीय वंशाच्या शाळकरी मुलानं याच संचातून ब्रेल छापणारं यंत्र केलं.

घरी करायला सुरुवात म्हणून एकच सांगते, रेघेवरून चालणारी गाडी. फरशीवर काळी इन्सुलेशन टेप चिकटवा. गाडीला दोन मोटरा, आणि पुढे खाली तोंड करून एक प्रकाश ओळखणारा सेन्सर. बहुतेकजण गाडीला टेपच्या मधोमध चालवायला जातात, आणि ती भरकटते. कारण काळ्यावरून उतरली तर डावीकडे उतरली की उजवीकडे, हे एका सेन्सरला कळत नाही. म्हणून गाडी टेपवरून चालवायची नाही, टेपच्या कडेवरून चालवायची. डावी कड धरलीत, तर काळं दिसलं की डावीकडे वळ, पांढरं दिसलं की उजवीकडे वळ. बस्स. गाडी डुलत डुलत कडेनं जाते. मधोमध नाही, कडेनं. आणि वळायला इतके सेकंद, असं सांगू नका. सेल उतरले की त्याच सेकंदात गाडी कमी वळते. चाकाचे फेरे मोजा.

एक मात्र मला बोलायचंच आहे. माझ्या लहानपणी डबा भावाला मिळाला आणि मला भातुकली. भातुकलीबद्दल माझी तक्रार नाही, मी त्यात खूप रमले. पण भाऊ खेळायला गेला की मी त्याचा डबा काढायची. क्रेनला मी मळसूत्री गिअर लावला, ज्याला वर्म म्हणतात, आणि दांडी सोडून दिली तरी टांगलेलं वजन खाली आलं नाही. मळसूत्र चाकाला फिरवतं, पण चाक मळसूत्राला उलटं फिरवू शकत नाही. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या हाताला कळलं होतं. मेकॅनोच्या जुन्या खोक्यांवर मुलगेच असायचे. आजही वाढदिवसाला काय द्यायचं ठरवताना आपण मुलगा की मुलगी हे आधी विचारतो. नका विचारू.

माइंडस्टॉर्म्सची विक्री कंपनीनं 2022 च्या अखेरीला थांबवली. जुने संच आहेत त्यांनी जपून ठेवावेत, सेल काढून ठेवावेत, नाहीतर गळतात. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी थांबायचं कारण नाही. माळ्यावरचा मेकॅनिक्सचा डबा खाली काढा. आर्डुइनोसारखा प्रोग्रॅम घालता येणारा छोटा बोर्ड, मोटर चालवणारं एक सर्किट आणि दोन गिअरवाल्या मोटरा इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतात. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारा. मोटर पट्टीवर बसवताना भोकं जुळत नसतील तर मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा घाला, त्याला आपल्या मापानं भोकं पाडा. आणि जो सांधा हलता ठेवायचा आहे तिथे एक नट आवळून भागत नाही. दोन नट घ्या, पट्टीला किंचित मोकळीक ठेवा, आणि दोन पान्यांनी नट एकमेकांवर आवळा. मग सांधा हलतोही आणि सुटतही नाही. नमस्कार.