जिला आपलीच भाषा पुन्हा शिकावी लागली

(दृश्य : योकोहामा बंदराचं जुनं छायाचित्र. फक्त समुद्राचा आवाज.)

नोव्हेंबर १८८२. योकोहामा बंदरात एक जहाज लागतं आणि सतरा वर्षांची एक मुलगी खाली उतरते. चेहरा जपानी, नाव जपानी. न्यायला आलेली माणसं तिच्या घरचीच. जवळजवळ अकरा वर्षांनी ती मायदेशी परततेय.

आणि तिला जपानी बोलता येत नाही.

एखादा शब्द अडतोय किंवा उच्चार वेगळा लागतोय, एवढ्यावर हे थांबत नाही. भाषाच गेलीय. वडील पूर्वी अमेरिकेला जाऊन आलेले, त्यांना इंग्रजी येतं. म्हणून घरात निदान कुणाशी तरी मनातलं बोलता येतं. बाकीच्यांशी बोलायचं ते हातवाऱ्यांनी, हसून.

तिचं नाव त्सुदा उमे. पुढे सगळे तिला उमेको म्हणून ओळखू लागले.

(दृश्य : जपानची ५००० येनची नोट. कॅमेरा हळूहळू चेहऱ्याजवळ.)

जुलै २०२४ मध्ये जपानने नव्या नोटा चलनात आणल्या. त्यातल्या ५००० येनच्या नोटेवर हा चेहरा आहे. ना राणी, ना सेनापती. ही इंग्रजीची शिक्षिका आहे. मी स्वतः इंग्रजी शिकवते. नोटेचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझे डोळे भरून आले, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

(दृश्य : १८७१. किमोनोतल्या पाच मुलींचं छायाचित्र.)

गोष्ट सुरू होते २३ डिसेंबर १८७१ रोजी. इवाकुरा तोमोमी यांच्या नेतृत्वाखाली जपान सरकारचं मोठं शिष्टमंडळ अमेरिका आणि युरोपला निघालं. त्याच जहाजावर पाच मुली होत्या. त्यांनी दहा वर्षं अमेरिकेत राहायचं, तिथल्या घरांत वाढायचं, शिकायचं आणि परत येऊन जपानच्या बायकांना शिकवायचं, अशी योजना होती. आपली मुलगी एवढी लांब पाठवायला घरं सहजासहजी तयार होत नव्हती. सरकारला दुसऱ्यांदा आवाहन करावं लागलं, तेव्हा कुठे या पाच जणी मिळाल्या.

सर्वांत धाकटी उमे. सहा वर्षांची. ३१ डिसेंबरला, जहाजावरच, तिला सातवं पूर्ण झालं. पहिलीच्या वर्गातली आपली मुलं डोळ्यांसमोर आणा. दप्तर पाठीला लावताना ज्यांना आई लागते, ती. त्या वयाच्या मुलीवर एका देशाने शिक्षिका होण्याची जबाबदारी टाकली.

मोठ्या दोघी वर्षभरातच परतल्या. उरल्या तिघी : सुतेमात्सु, शिगेको आणि उमे. पहिल्या दोघी न्यू हेवनच्या परिसरात वाढल्या. उमेला वॉशिंग्टनजवळच्या जॉर्जटाउनमध्ये चार्ल्स आणि अॅडलीन लॅनमन या दांपत्याने घरात घेतलं. त्यांना मूल नव्हतं. घरात पुस्तकं भरपूर होती, आणि उमेचे लाडही.

इथे एक बारीक गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. सुतेमात्सुचा थोरला भाऊ केंजिरो न्यू हेवनच्याच येल विद्यापीठात शिकत होता. बहीण जपानी विसरू नये म्हणून तो तिचे धडे घ्यायचा. उमेला असा भाऊ जवळ नव्हता. तिच्या आसपास जे कुणी होतं, ते इंग्रजी बोलत होतं. सहा वर्षांच्या मुलाची भाषा म्हणजे ओली माती. पाणी घालणारं कुणी नसलं, की तडकते. आज परदेशात वाढणाऱ्या कितीतरी मराठी घरांतली मुलं आजीचं बोलणं समजतात, उत्तर मात्र इंग्रजीत देतात. त्या आजीच्या चेहऱ्यावर क्षणभर जे येतं ते ज्यांनी पाहिलंय, त्यांना १८८२ मधलं ते घर वेगळं समजावून सांगायला नको.

(दृश्य : तोक्योतला जुना रस्ता. माणसांनी ओढायच्या रिक्षा.)

परतल्यावर सरकारकडे उमे आणि सुतेमात्सुसाठी काहीच काम तयार नव्हतं. परदेशी शिकून आलेल्या पुरुषांना पदं मिळत होती. मुलींना ज्यासाठी पाठवलं, ते जणू सगळे विसरून गेले होते. शिगेकोचं लग्न झालं, सुतेमात्सुचंही झालं. उमेकोने लग्न केलं नाही.

मग भेटले इतो हिरोबुमी. बारा वर्षांपूर्वी त्याच जहाजावर शिष्टमंडळात होते ते. पुढे जपानचे पहिले पंतप्रधान झाले. त्यांनी उमेकोला आपल्या घरी ठेवून घेतलं, पत्नीला आणि मुलीला इंग्रजी शिकवायला. शिवाय शिमोदा उताको या विदुषीच्या मुलींच्या शाळेत तिची गाठ घालून दिली. तिथे देवाणघेवाण ठरली. उमेकोने इंग्रजी शिकवायचं आणि उताकोंनी उमेकोला जपानी शिकवायचं.

मला या संपूर्ण आयुष्यातली हीच जागा सगळ्यांत मोलाची वाटते. एका तासाला फळ्यासमोर उभं राहून परकी भाषा शिकवायची आणि दुसऱ्या तासाला विद्यार्थिनीच्या जागी बसून आपलीच मायबोली धुळाक्षरांपासून गिरवायची. ज्या वयात बाकीच्या मुली सहज कविता म्हणत होत्या, त्या वयात ही क्रियापदांची रूपं घोकत होती. इंग्रजी तिला लहानपणी, न कळत आली. अशी आलेली भाषा शिकवणं फार अवघड, कारण कुठे अडतं हे आपल्याला ठाऊकच नसतं. ते तिला जपानीने शिकवलं. वाक्य मनात पूर्ण आहे आणि जिभेवर येत नाही, तेव्हा वर्गात बसलेल्या मुलीला काय होतं, हे उमेको अनुभवून शिकली.

१८८५ मध्ये खानदानी घराण्यांतल्या मुलींसाठी शाळा निघाली आणि उमेको तिथे इंग्रजीची शिक्षिका झाली. इथून पुढे त्यांना ‘ती’ म्हणवत नाही.

नोकरी मानाची होती, पगार चांगला होता, पण त्यांचं मन लागेना. मुली शांत, आज्ञाधारक. शिकण्याची भूक मात्र दिसत नव्हती. आणि स्वतःकडेही आहे ते पुरेसं नाही, हे त्यांना जाणवत होतं. इंग्रजी येणं वेगळं आणि इंग्रजी शिकवता येणं वेगळं. अमेरिकेहून शिकवायला आलेल्या त्यांच्या मैत्रिणीने, अॅलिस बेकनने, त्यांना पुन्हा शिकायला जाण्याचा आग्रह धरला.

(दृश्य : साडी नेसलेल्या आनंदीबाई जोशी, किमोनोतल्या ओकामी केइको आणि सीरियाच्या विद्यार्थिनीचं १८८५ चं छायाचित्र.)

हे छायाचित्र मराठी माणसाने पाहिलेलं असतं. फिलाडेल्फियाचं महिला वैद्यकीय महाविद्यालय, ऑक्टोबर १८८५. डावीकडे आपल्या आनंदीबाई. आपण त्यांच्याकडेच बघतो आणि शेजारच्या जपानी मुलीचं नाव विचारायचं राहून जातं. त्या ओकामी केइको. वैद्यकीय शिक्षणाला येण्याआधी त्याही इंग्रजी शिकवत होत्या. १८८९ मध्ये केइको डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी त्याच शहराजवळच्या ब्रिन मॉर महाविद्यालयात उमेको दाखल झाल्या. आनंदीबाई तेव्हा या जगात नव्हत्या.

उमेकोंना रजा मिळाली होती ती अध्यापनाची पद्धत शिकायला. त्यांनी जीवशास्त्रही घेतलं आणि त्यात रमल्या. जीवशास्त्रज्ञ टॉमस हंट मॉर्गन यांच्यासोबत बेडकाच्या अंड्यांवर प्रयोग केले. दोघांचा शोधनिबंध १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉर्गन यांना पुढे १९३३ चं नोबेल मिळालं. उमेकोंना संशोधनाची वाट खुली होती. त्यांनी ती सोडली.

मधले काही महिने त्या न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगोच्या अध्यापक विद्यालयात होत्या. स्विस शिक्षणतज्ज्ञ पेस्टालोझीच्या विचारावर चालणारी ही शाळा तेव्हा नावाजलेली होती. व्याख्या आधी नाही. आधी वस्तू मुलांच्या हातात द्या, बघू द्या, बोलू द्या, मग नाव सांगा. सूक्ष्मदर्शकाखाली अंडं बघायची सवय असलेल्या बाईंना हे पटलं नसतं तरच नवल.

आणखी एक काम त्यांनी अमेरिकेत केलं. भाषणं दिली, पैसे उभे केले आणि जपानी मुलींना अमेरिकेत शिकता यावं म्हणून शिष्यवृत्ती सुरू केली. आपल्याला मिळालं त्याचं दार मागच्यांसाठी उघडं ठेवून यायचं, आणि तेही स्वतः विद्यार्थिनी असताना.

१८९२ मध्ये त्या परतल्या आणि जुन्याच शाळेत रुजू झाल्या. सात वर्षं गेली. १८९९ मध्ये कायदा आला : प्रत्येक प्रांतात मुलींचं माध्यमिक विद्यालय हवं. विद्यालयं आली, म्हणजे शिक्षिका हव्यात. त्या घडवायच्या कुठे?

(दृश्य : एका साध्या जपानी घराचं दार. चपलांची रांग.)

सप्टेंबर १९००. तोक्योत भाड्याचं घर, विद्यार्थिनी दहा. ‘जोशी एइगाकु जुकु’, म्हणजे मुलींची इंग्रजी विद्याशाला. सरकारी मानाची नोकरी सोडून उमेकोंनी ती काढली. पहिल्या दिवशी त्या जे बोलल्या त्याचा आशय असा : सुंदर इमारतीपेक्षा शिक्षकांची तयारी आणि विद्यार्थिनींची मेहनत मोठी. मोठ्या वर्गात माहिती वाटता येते. पण प्रत्येकीचा चेहरा वेगळा तसं मनही वेगळं, म्हणून शिकवायचं तर मोजक्याच मुलींना. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात उभं राहणाऱ्या माझ्यासारखीला हे ऐकून हेवा वाटतो, आणि तरी वाटतं, बाई खरं बोलल्या.

१९०५ मध्ये या शाळेच्या पदवीधर मुलींना सरकारी परीक्षेशिवाय इंग्रजीच्या शिक्षिकेचा परवाना मिळू लागला. मुलींच्या शाळेला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. शिष्यवृत्तीवर ब्रिन मॉरला जाऊन आलेल्या होशिनो आई पुढे या संस्थेच्या प्रमुख झाल्या. १९२३ च्या भूकंपात शाळेची इमारत गेली. उमेको तेव्हा आजारी होत्या. नवी वास्तू तोक्योच्या पश्चिमेकडच्या कोदाइराला उभी राहिली ती १९३१ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. आज ते त्सुदा विद्यापीठ आहे.

(दृश्य : माळ्यावरची मंद उजेडाची खोली. जुने कागद.)

१९८४ मध्ये विद्यापीठाच्या एका इमारतीच्या माळ्यावर शेकडो पत्रं सापडली. उमेकोंनी १८८२ पासून पुढे तीसेक वर्षं लिहिलेली, बहुतेक अॅडलीन लॅनमन यांना. सगळी इंग्रजीत. शाळेची चिंता, पैशाची ओढाताण, घरातलं अवघडलेपण, अनोळखी झालेला आपलाच देश. त्या पहिल्या हिवाळ्यात घरच्या माणसांना सांगता आलं नाही ते सारं कागदावर उतरत होतं आणि समुद्र ओलांडून जॉर्जटाउनला जात होतं.