आधी चेंडू थांबवा : गावातल्या मुलींच्या हॉकी संघाचं पहिलं वर्ष

नमस्कार मंडळी. पुढे शारीरिक शिक्षणाचे शिक्षक बसलेत, बाजूला ग्रामपंचायतीची मंडळी, आणि मागे सतरंजीवर पोरींचे माय-बाप. विषय मैदानी हॉकीचा आहे, पण सुरुवात बर्फावरच्या हॉकीपासून करतो. आपल्याकडे बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर मिळतो, हे ठाऊक आहे. तरी ऐका.

भारताचा महिला आईस हॉकी संघ २०१६ साली तैपेईत पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला. पहिला विजय मिळायला २०१७ उजाडलं. बँकॉकमध्ये फिलिपिन्सला ४-३ असं हरवलं. २०२५ मध्ये याच संघानं संयुक्त अरब अमिरातीतल्या अल ऐनच्या आशिया चषकात कांस्यपदक आणलं. यातल्या बहुतेक मुली लडाखच्या. तिथं नैसर्गिक बर्फ जेमतेम दोन महिने टिकतो, म्हणजे सराव जो व्हायचा तो तेवढ्यात. आपलंही तसंच आहे, फक्त बर्फाच्या जागी कोरडा मुरूम आहे, एवढं लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. आईस हॉकीची पक, म्हणजे रबराची चकती, १५६ ते १७० ग्रॅमची असते. आपला चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. वजन जवळपास एकच. पण पक सामन्याआधी गोठवून ठेवतात, म्हणजे ती उसळत नाही, सपाट घसरत येते. आपला चेंडू मुरमावर खडा लागला की गुडघ्याशी येतो. म्हणून आमचं सांगणं एकच आहे: पहिल्या वर्षी पोरींना गोल मारायला शिकवू नका, चेंडू थांबवायला शिकवा. खेळाडूंच्या भाषेत ‘स्टॉप’. नव्या संघाचे गोल का होत नाहीत म्हणून विचारतात. चेंडू काठीखाली थांबतच नाही, मग गोल कुठून होणार?

आणि स्टॉप सुरू होतो जमिनीपासून. यवतमाळ, वाशीम, वर्धा, कुठंही जा, बहुतेक ठिकाणी काळी माती. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, पावसात ती फुगते. अशा मातीवर थेट मुरूम टाकला की पहिल्याच पावसात तो खाली दबतो, आणि पोळ्यापर्यंत वर पुन्हा चिखल. आधी वरची माती खरडून काढा, तळ दाबा, त्यावर दगड-गिट्टीचा थर द्या आणि मग मुरूम.

पूर्ण मैदान ९१.४० बाय ५५ मीटर असतं. पहिल्या वर्षी त्याच्या नादी लागू नका. ४५ बाय ३० मीटरचा तुकडा करा. हॉकी फाइव्हजला किमान ४० बाय २८ चालतं, म्हणजे पाच-पाचचा सामना त्यावर नियमानुसारही होतो. हिशेब करा: ४५ गुणिले ३० म्हणजे १३५० चौरस मीटर, त्यावर दाबून १० सेंटिमीटर थर, म्हणजे १३५ घनमीटर. ब्रासमध्ये साधारण ४८. पण ट्रॅक्टरनं येतो तो सैल मुरूम, रोलरखाली तो बसतो, म्हणून ६० ब्रास धरा. मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना शंभरास एक उतार ठेवा. १५ मीटरला १५ सेंटिमीटर. याहून जास्त दिला तर चेंडू आपोआप कडेला पळतो. वरचे दोन-तीन सेंटिमीटर चाळलेल्या मुरमाचे हवेत. संध्याकाळी पाणी मारा, रोलर दुसऱ्या दिवशी सकाळी, ओल असताना फिरवा. चिखल असताना फिरवला तर मुरूम रोलरलाच चिकटून उचलला जातो. आणि रोज सरावाआधी सगळ्या पोरींनी एका रांगेत मैदान चालायचं, सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा खडा दिसला की उचलायचा. दहा मिनिटं जातात, पण एक दात वाचतो.

रेषा आखताना ठिकठिकाणी एकच चूक दिसते. डी, म्हणजे गोलसमोरचा अर्धगोल ज्याच्या आतूनच गोल मारता येतो, तो आखायला गोलच्या मध्यावर खुंटी ठोकतात आणि दोरी फिरवतात. तसं नाही. दोरी १४.६३ मीटरची, पण खुंटी आधी एका खांबाशी, मग दुसऱ्या खांबाशी. दोन पाव-वर्तुळं येतात (आपल्या ३० मीटर रुंद तुकड्यात त्यांची टोकं कडेच्या रेषेवरच कापली जातील), आणि त्यांना समोर ३.६६ मीटरची सरळ रेषा जोडते. मध्यावरून आखली तर डी दोन्ही बाजूंनी जवळपास दोन-दोन मीटर अरुंद होते, आणि पोरी तालुक्याला गेल्या की भलत्याच जागेवरून मारतात. आखायला कळीचा चुना वापरू नका, डोळ्यात गेला तर भाजतो. खडूची भुकटी बरी. गोल ३.६६ मीटर रुंद, २.१४ मीटर उंच. लोखंडी पाइपचा गावातला वेल्डरही करून देतो. मागे ४६ सेंटिमीटर उंचीच्या फळ्या मात्र लाकडीच लावा. चेंडू आपटला की आवाज येतो, त्यामुळं गोल झाला की नाही यावर भांडण होत नाही.

काठ्यांचं सांगतो. उभं राहिल्यावर कमरेच्या हाडाशी येईल तेवढी काठी. लांब घेतली की वाकताना मूठ पोटात रुतते, पोरगी सरळ उभी राहते आणि चेंडू काठीखालून निघून जातो. पुढे वाढेल म्हणून मोठी काठी घेऊन ठेवणं हे फ्रॉकला चालतं, काठीला नाही. पहिल्या वर्षी तुतीच्या लाकडाची घ्या. लाकूड धक्का थोडा पितं, चेंडू काठीवर राहतो. कडक कार्बनच्या काठीवरून तो टणकन उडतो. मुरमावर काठीचं वाकडं टोक खालून झिजतं, तिथं पातळ टेप लावा. टेपसकट काठी ५१ मिलिमीटरच्या कड्यातून गेली पाहिजे, नाहीतर पंच बाजूला ठेवायला लावतील.

प्रत्यक्ष स्टॉप असा. डावा हात वर, मुठीच्या टोकाशी. काठी तोच फिरवतो. उजवा खाली, आणि सैल. नव्या पोरी उजव्या हातानं काठी आवळून धरतात, मग चेंडू भिंतीवर आपटावा तसा परत जातो. काठीची मूठ चेंडूकडे थोडी झुकलेली हवी, म्हणजे चेंडू खाली अडकतो. टीव्हीवर टर्फच्या सामन्यात काठी जमिनीवर आडवी टाकून थांबवतात. त्यानं डावी-उजवीकडची जागा झाकली जाते, पण आपली अडचण वरच्या उसळीची आहे. मुरमावर काठी उभी, आणि अंग चेंडूच्या मागे. जोडीजोडीनं पाच मीटरवरून पुश, म्हणजे काठी चेंडूला टेकवून ढकलणं, मग दहावरून. प्रत्येकीचे रोज ५० स्टॉप. पहिले चार आठवडे हिट, म्हणजे काठी मागे नेऊन मारलेला फटका, बंद. नडगीचे गार्ड आणि तोंडातला गार्ड नसेल तर पुढेही बंद.

पाऊस लागला की काय? शाळेचा व्हरांडा. फरशीवर चेंडू सरळ येतो, हाताची सवय तिथंच लागते.

गोलकीपरच्या पायाला क्रिकेटचे पॅड बांधलेले अजूनही दिसतात. ते धोक्याचं आहे. हॉकीत गोलकीपर बरेच चेंडू पायानं अडवते, आणि क्रिकेटचा पॅड पाऊल झाकतच नाही. लेगगार्ड, किकर (बुटावर चढवायचं पावलाचं कवच), हेल्मेट, गळ्याचा आणि छातीचा गार्ड, हातमोजे, ओटीपोटाचा गार्ड हे सगळं लागतं. पैसे कमी असतील तर काठ्या कमी घ्या, पण हा संच पूर्ण घ्या. एकाच संचावर दोन गोलकीपर तयार करा. घामेजलेला फोम सावलीत, वाऱ्यावर वाळवा. उन्हात कडक होऊन चिरतो.

दिवसांचं गणित लडाखसारखंच आखडतं आहे. जूनअखेर शाळा उघडते, जुलै-ऑगस्टात निंदण, सप्टेंबर-ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी, आणि शालेय स्पर्धा नेमक्या याच सुमारास. म्हणजे नवा संघ सात-आठ आठवड्यांच्या सरावावर उतरतो. मोठ्या फरकानं हरेल. हरू द्या, पण मोजायला एक पोरगी बाहेर बसवा: किती चेंडू आले, किती थांबले. दहातले तीन थांबत असतील आणि फेब्रुवारीत सहा थांबले, तर वर्ष चांगलं गेलं. खरा सराव दिवाळीनंतर, सकाळी साडेसहा ते साडेसात. तेव्हा कापूस वेचणी चालू असते. बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं चिरलेली असतात, पोरगी काठी नीट धरत नाही आणि आपण तिला आळशी म्हणतो. आधी तिचे हात बघा. अकराचा संघ हवा तर अठरा नावं लिहा. वावरात कोण कधी जाईल सांगता येत नाही. एखादी लवकर दमत असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. १२ च्या खाली असेल तर तिला पळवण्याआधी उपचार.

पेनल्टी कॉर्नर, म्हणजे बचाव करणाऱ्यांनी डीत चूक केली की समोरच्या संघाला मिळणारी संधी, डिसेंबरात घ्या, आधी नको. गोलच्या रेषेवर, खांबापासून १० मीटरवरून चेंडू आत ढकलतात, तो डीच्या बाहेर गेल्यावरच गोलवर मारता येतो. बाहेर थांबवणारी चुकली की सगळं फुकट. म्हणून चेंडू जातो ती पट्टी, दोन्ही बाजूंची, वेगळी झाडून घ्या. पहिला फटका हिट असेल तर तो गोलमध्ये फळीच्या उंचीच्या वर जाता कामा नये, हे पोरींना फळीवर चेंडू आपटवूनच समजवा.

मागून एका ताईंनी विचारलंय, पोरगी डावखुरी आहे जी, चालते का? आईस हॉकीत डावी-उजवी दोन्ही काठ्या मिळतात. आपल्याकडे काठी एकच, सपाट बाजू डावीकडे, आणि उलट्या, गोलाकार बाजूनं खेळता येत नाही. पण काठी फिरवणारा हात डावाच असतो. ताई, उद्या पाठवा तिला, व्हरांड्यात. येताना पायात बूट असू द्या.