झोप कधी लागली?

[दृश्य : अंधारी खोली. उशीशी मोबाइलचा उजेड.]

रात्रीचे पावणेदोन वाजलेत. ही मुलगी १७ वर्षांची आहे. अकराला तिनं दिवा मालवला, पांघरूण डोक्यावर ओढलं, डोळे मिटले. झोप आली नाही. उद्याच्या चाचणीतलं एक सूत्र मनातल्या मनात म्हणून पाहिलं, ते अर्ध्यावर अडलं, म्हणून उठून वही काढली. वही मिटली तेव्हा मोबाइल हातात आला. गजर सहाचा आहे. मघापासून तिचा एकच हिशेब चाललाय. आत्ता लागली झोप, तर सव्वाचार तास मिळतील. पुन्हा घड्याळ पाहते. आता चारच.

[दृश्य : सकाळ. गजर वाजतोय. पांघरुणातून हात बाहेर येतो.]

"अगं ऊठ की! रात्री वेळेवर झोपली होतीस ना?"

तिच्याकडे या प्रश्नाचं उत्तर नाही. झोपली तर ती वेळेवरच होती.

आपली भाषा इथं फार नेमकं बोलते. आपण म्हणतो भूक लागली, तहान लागली, आणि तसंच, झोप लागली. आडवं होणं आपल्या हातात असतं. झोप लागणं नसतं. भूक नसलेल्या मुलाला 'भूक लागू दे' असं कोणी दरडावत नाही. 'झोप आता!' मात्र आपण रोज दरडावतो.

मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून आलेल्या नसा जिथं एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरा वर पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. पेशी असतील साधारण २० हजार. शरीराचं मुख्य घड्याळ ते हेच. बाहेर उजेड आहे की अंधार, हे त्याला डोळ्यांकडून कळतं. संध्याकाळ सरली की त्याच्या इशाऱ्यावर मेलाटोनिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरू लागतं आणि शरीराला रात्र झाल्याची वर्दी मिळते. वयात येताना हे घड्याळ पुढं सरकतं. कोणाचं तासभर, कोणाचं दोन तास. लहानपणी नवालाच पेंगणारं मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी अकरापर्यंत टक्क जागं असतं, ते यामुळं. विशीच्या आसपास हे सरकणं थांबतं आणि काटे हळूहळू मागं यायला लागतात.

आणखी एक गोष्ट याच वयात बदलते. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढत राहतो. किशोरवयाच्या उत्तरार्धात हा दाब सावकाश चढतो. म्हणून दिवसभर दमलेलं पोर रात्री ताजंतवानं दिसतं. ते नाटक करत नसतं.

[दृश्य : झोपेतल्या मेंदूच्या लहरींचा आलेख.]

१९७६ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झोपेच्या अभ्यासक मेरी कार्स्काडन यांनी मुलांचं एक उन्हाळी शिबिर सुरू केलं. झोप मोजण्याचं शिबिर. त्याच मुलांना वर्षामागून वर्ष बोलावून दहा तास अंथरुणात राहू द्यायचं आणि ती किती झोपतात ते पाहायचं. मुलं मोठी होतील तशी त्यांची झोप कमी होत जाईल, असा अंदाज होता. तो खोटा ठरला. वयात आलेली मुलंही नऊ तासांहून थोडं जास्तच झोपत होती, आणि तेवढं झोपूनही दुपारी लहान मुलांपेक्षा जास्त पेंगत होती.

'लवकर निजे, लवकर उठे' ही म्हण आपण सगळे ऐकत मोठे झालो. तिचा दुसरा भाग शाळा-कॉलेजं सक्तीनं पाळून घेतात. पहिला भाग या वयाच्या शरीराला जमत नाही. कात्री लागते ती मधल्या तासांना. १३ ते १८ वर्षांच्या मुलांनी ८ ते १० तास झोपावं, असं अमेरिकेतल्या निद्रातज्ज्ञांच्या अकादमीनं २०१६ मध्ये सांगितलं. आपली मुलगी चार तासांवर उठली आहे.

चार तासांवर उठलेला मेंदू काय काय गमावतो? आधी पाठांतर. १९२४ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली होती. पाठ करून ते झोपले, तेव्हा बरीच लक्षात राहिली. तेवढाच वेळ जागे राहिले, तेव्हा बरीच विसरली. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेत पुन्हा घोळवतो, लावून ठेवतो. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून आपण ज्या तासांत वाचतो, ते तास वाचलेलं मुरण्याचे असतात. मला हे फार क्लेशदायक वाटतं, कारण असं जागणारी मुलं कष्टाळू असतात.

कॉफी आणि एनर्जी ड्रिंकची गोष्ट लवकर सांगून होते. कॅफीन अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. दाब असतो, पण जाणवत नाही. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं पाच-एक तासांनीही अंगात शिल्लक असतं. संध्याकाळी सातचा कप मध्यरात्री जागाच असतो.

मनाचं मात्र सावकाश बोलायला हवं. झोप अपुरी राहिली की मेंदूतलं भीती-रागाचं केंद्र लहानशा गोष्टीवरही उसळतं, आणि त्याला आवर घालणारा कपाळामागचा भाग ढिला पडतो. मैत्रिणीचं एक तुटक उत्तर दिवसभर टोचत राहतं. रात्री दोनला तेच उत्तर डोंगराएवढं होतं, कारण तेव्हा बोलायला कोणी जागं नसतं. मोबाइलच्या उजेडानं मेलाटोनिन उतरायला उशीर होतो हे खरं आहे. पण माझ्या मते त्याहून जास्त जागवतं ते त्या पडद्यावरचं माणूस. त्यानं निरोप वाचला आहे, उत्तर दिलेलं नाही.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की जगात १० ते १९ वर्षांच्या दर सात मुलांमागे एकाला मानसिक विकार आहे. नैराश्यात झोप उडते, आणि झोप उडाली की नैराश्य बळावतं. म्हणून दोन आठवडे उलटले तरी मूल रोजच उदास असेल, आवडीच्या गोष्टीतही त्याचं मन लागत नसेल, मरणाची भाषा एकदा जरी तोंडून आली असेल, तर तो विषय झोपेवर ढकलू नका. डॉक्टरकडे जा, आणि मुलाला एकटं पाठवू नका.

[दृश्य : रिकामा वर्ग. भिंतीवरचं घड्याळ.]

घड्याळ सरकवता येतं, मुलांचं नव्हे तर शाळेचं. अमेरिकेतल्या सिएटल शहरानं २०१६ मध्ये माध्यमिक शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरवल्या. मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून झोप मोजली, तर ती रोज ३४ मिनिटांनी वाढली होती. शाळा उशिरा म्हणजे मुलं आणखी उशिरा झोपतील, ही भीती फोल ठरली. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदाच आहे की हायस्कूल साडेआठच्या आधी भरवायचं नाही.

तोवर घरात जमेल ते करायचं. उठल्या उठल्या पडदे उघडून उजेड आत घ्यायचा, सकाळचा उजेड घड्याळाला मागं ओढतो. सुटीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू द्यायचं. दुपारपर्यंत नको, नाहीतर सोमवारी पुन्हा तीच कुस्ती. मोबाइल रात्री दुसऱ्या खोलीत, आणि घरातल्या सगळ्यांचाच.

[दृश्य : तीच खोली. आई पलंगाच्या कडेवर बसलेली.]

"काल झोप कधी लागली गं?"

मुलगी डोळे चोळत विचार करते.

"दोन वाजून गेले असतील. मी पडले होते गं, खरंच."

"हं. सरक जरा."