होडीची भूक आणि माथ्यावरचं ऊन

(एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आत येताना चपला काढत होतो, तेवढ्यात एका काकांनी गाठलं. म्हणाले, "मांडव्याच्या लाँचवर सोलर बसवलं तर तिकीट उतरेल का हो?" मी म्हटलं, आधी भाषण ऐका. एका वाक्यात उत्तर देता आलं असतं, पण मग तुम्हाला इथे बसवून ठेवायला माझ्याकडे काय उरलं असतं?

माझी उमेदीची वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली. दिवसाला कित्येक टन तेल जळताना पाहिलेला माणूस मी. त्यामुळे 'आता जहाजं सूर्यावर चालणार' अशी बातमी वाचली की मी आधी कागद-पेन्सिल घेतो. आजही तेच करू या.

भर दुपारी, ऊन डोक्यावर असताना, एका चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊर्जा पडते. चांगलं पॅनेल त्यातल्या पाचव्या हिश्शाची वीज करतं. म्हणजे २०० वॅट, जुन्या पद्धतीचे दोन पिवळे बल्ब. आता ४०० मीटर लांब, ६० मीटर रुंद असं अजस्र कंटेनर जहाज घ्या. वर एकही कंटेनर न ठेवता, म्हणजे धंदाच बंद करून, सगळा डेक पॅनेलांनी मढवला, तरी भर दुपारी मिळणार ४.८ मेगावॅट. रात्र, सकाळ-संध्याकाळ आणि ढग धरून चोवीस तासांची सरासरी काढली की ती एक मेगावॅटच्या आसपास येते. आणि इंजिन असतं पन्नास-साठ मेगावॅटचं. २००८ साली जपानने 'ऑरिगा लीडर' या मोटारी वाहून नेणाऱ्या जहाजावर ३२८ पॅनेलं बसवली होती. त्यांची मिळून ताकद ४० किलोवॅट, म्हणजे आठ-दहा बंगल्यांच्या गच्चीवरचं सोलर. त्यात दिवे लागतील, पंखे फिरतील, जहाज हलणार नाही.

जहाज मोठं होतं तसं त्याचं वजन लांबी, रुंदी, खोली अशा तिन्ही अंगांनी वाढतं, आणि ऊन मात्र फक्त माथ्यावर पडतं. त्यामुळे मोठ्या जहाजाचा हिशेब जुळत नाही.

मग कुणी म्हणेल, त्या 'प्लॅनेटसोलर' नावाच्या सौरहोडीने जगप्रदक्षिणा केली त्याचं काय? केली, आणि शंभर टक्के उन्हावर केली. २७ सप्टेंबर २०१० ला मोनॅकोहून निघाली आणि ४ मे २०१२ ला तिथेच परत आली. ५८४ दिवस. ३१ मीटरच्या त्या होडीवर ५३७ चौरस मीटर पॅनेलं होती. दोन्ही अंगांना पंखांसारखी पसरलेली, जणू गच्ची पोहायला निघाली आहे. एवढं करून पॅनेलांची ताकद होती ९३ किलोवॅट आणि वर साडेआठ टनांच्या बॅटऱ्या. पराक्रम मोठाच. पण तिच्यात माल नव्हता, तिकीट काढून बसलेले प्रवासी नव्हते आणि सोमवारी सकाळी साडेआठला ऑफिस गाठायची कुणाला घाई नव्हती. तिचं मला खरं आवडलं ते असं की तिने घाई केलीच नाही.

ही घाई नीट समजून घ्या. पाण्यात होडीचा वेग दुप्पट करायचा तर ताकद दुप्पट करून भागत नाही, ढोबळमानाने आठपट लागते. तिप्पट वेगाला सत्तावीसपट. रस्त्यावर गाडी पळवताना हे जाणवत नाही, पण ज्याने वल्हं मारलंय त्याच्या दंडाला ठाऊक आहे. याची उलट बाजू आपल्या कामाची आहे. वेग थोडा कमी केला की भूक एकदम उतरते.

हे ज्यांनी ओळखलं त्यांची होडी बघायला मी मुद्दाम केरळात गेलो होतो. वेंबनाड सरोवरावर वैकोम नावाचं गाव आहे. मंदिराभोवतीचे रस्ते अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावेत म्हणून १९२४ चा सत्याग्रह झाला तेच. तिथून पलीकडच्या तवणक्कडवूला १२ जानेवारी २०१७ पासून 'आदित्य' ही फेरीबोट चालते. केरळ सरकारच्या जलवाहतूक खात्याची, कोचीच्या नवाल्ट कंपनीने बांधलेली. ७५ प्रवासी, २० मीटर लांबी, ७ मीटर रुंदी. छपरावर २० किलोवॅटची पॅनेलं, पोटात ५० युनिट साठवणाऱ्या लिथियम बॅटऱ्या आणि २० किलोवॅटच्या दोन मोटरी.

आत पाऊल टाकलं आणि पहिली गोष्ट काय जाणवली असेल, तर शेजारची बाई फोनवर बोलत होती ते मला स्वच्छ ऐकू येत होतं. मल्याळम कळत नाही म्हणून, नाहीतर सगळं घरगुती प्रकरण समजलं असतं! डिझेल लाँचवर आपण कानात ओरडून बोलतो. इथे फळी थरथरत नाही, धुराचा वास नाही.

पण कारागिरी छपरावर नाही, तळाला आहे. एका पसरट पोटाऐवजी दोन अरुंद, निमुळती पोटं, वर फळी टाकून जोडलेली. बांधणी फायबरची, म्हणजे वजन कमी. अरुंद पोटं पाणी अलगद कापतात, आणि दोन पोटांमुळे रुंदी मिळाली म्हणून छप्परही ऐसपैस झालं. आता हिशेब करा. मोटरी सरासरी १६ किलोवॅट ओढतात असं धरलं, तर पंधरा मिनिटांच्या एका खेपेला ४ युनिट. दिवसाला बावीस खेपा म्हणजे ८८ युनिट. आणि २० किलोवॅटचं पॅनेल आपल्याकडच्या उन्हात दिवसाला देतं ८० ते १०० युनिट. जुळलं की नाही? कमी पडलं तर रात्री धक्क्यावर प्लग लावायचा.

पहिल्या तीन वर्षांत सुमारे एक लाख लिटर डिझेल वाचलं, असा हिशेब प्रसिद्ध झाला. म्हणजे दिवसाला नव्वद लिटर. माझ्यातला इंजिनवाला इथे अडखळला. ८८ युनिटांचं काम चांगलं डिझेल इंजिन तीसेक लिटरांत करेल. मग नव्वद कसे? एक तर जुन्या बोटी जड. आणि दुसरं, धक्क्याला लागलेली लाँच आठवा. प्रवासी चढताहेत, कुणाची सायकल, कुणाची माशांची पाटी, आणि इंजिन आपलं धडधडतंय. डिझेल कोण बंद करतो? मोटर मात्र थांबली की थांबली. धक्क्यावर उभी असताना तिला खायला लागत नाही.

आता माझी फजिती सांगतो. निवृत्त झाल्यावर एका मित्राच्या मचव्यावर, दिवे आणि वायरलेसपुरती, मी चार पॅनेलं बसवली. सगळी एकामागे एक जोडली. आठ दिवसांत मित्राची तक्रार, बॅटरी भरत नाही. जाऊन बघतो तर झेंड्याच्या काठीची सावली, मनगटाएवढी, एका पॅनेलवर आडवी पडलेली. पॅनेलातले सेल माळेसारखे जोडलेले असतात. एकावर सावली आली की तो पूर्ण माळेची वाट अडवतो. सावलीचा पट्टा बाजूला टाकून वीज पुढे जावी म्हणून डायोड असतात, पण ते सगळा तोटा भरून काढत नाहीत. काठी मागे हलवली. महिन्याने पुन्हा तक्रार. या वेळी खलाश्याने पॅनेलांवर बोंबील वाळत घातले होते! त्याचं म्हणणं रास्त होतं: "सायेब, एवढी गरम, सपाट जागा अख्ख्या होडीत दुसरी नाय."

हसू नका. खाऱ्या हवेत पॅनेलवर मिठाचा थर चढतो, वर बगळे-सीगल यांचा आशीर्वाद असतोच. रोज गोड्या पाण्याने पुसणारा माणूस नसेल तर कागदावरचा हिशेब कागदावरच राहतो.

आता काकांचा प्रश्न. नवाल्टनेच आपल्या माझगाव डॉकसाठी 'बराकुडा' नावाची बोट बांधली, डिसेंबर २०२३ मध्ये ती पाण्यात उतरली. समुद्रातली, लाटा झेलणारी, बारा नॉट, म्हणजे ताशी बावीसेक किलोमीटर वेगाची. तिच्या मोटरी आहेत ५० किलोवॅटच्या दोन, प्रवासी बारा, आणि पॅनेलं फक्त ६ किलोवॅटची. 'आदित्य'शी ताडून बघा. वेग मागितला की सूर्य भाजीवरच्या कोथिंबिरीएवढा उरतो आणि भाजी सगळी किनाऱ्यावरच्या विजेची. तेव्हा काका, मांडव्याची लाँच आहे त्या वेगाने, उघड्या समुद्रातून, नुसत्या छपरावरच्या उन्हात चालणार नाही. बॅटरीवर चालेल. कोचीची वॉटर मेट्रो २०२३ पासून तशीच चालली आहे, धक्क्यावर दहा-पंधरा मिनिटांत चार्ज होऊन.

पण दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ असल्या खाड्यांकडे बघा. पाणी शांत, अंतर तोकडं, दर थोड्या वेळाने धक्का, वेगाची कुणाला हौस नाही. गाड्या नेणारी जड फेरी नुसत्या उन्हावर भागणार नाही, पण माणसांपुरती हलकी फेरीबोट असेल तर 'आदित्य'चा हिशेब इथे जसाच्या तसा लागू होतो.

(एका श्रोत्याने विचारलं: पावसाळ्यात काय?)

चांगलं विचारलंत. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंदच असतात, म्हणजे ऊन नसतं तेव्हा बोटही नसते! खाडीतली फेरीबोट मात्र चालू राहते. ढगाळ दिवशी पॅनेलं चौथाई देतील, कधी त्याहून कमी. उरलेलं प्लगमधून. ८८ युनिटं म्हणजे काही फार नाही. पण त्यासाठी धक्क्यावर थ्री-फेज कनेक्शन हवं. गेल्या पावसाळ्यात मी एका धक्क्यावर तासभर फेरीबोटीची वाट बघत उभा होतो. तिथे वीज होती ती एका बल्बापुरती, आणि तोही मुलांनी फोडलेला.