बॅटरी बदलायची झाली तर केवढ्याला?

श्रोते हो, नमस्कार.

म्हापसा असो, फोंडा असो की मडगाव, विजेवरची गाडी बघायला शोरूममध्ये गेलेलं कुटुंब दोन प्रश्न हमखास विचारतं. एका चार्जमध्ये किती जाते? आणि भरायला किती वेळ लागतो? तिसरा प्रश्न घरातलं एखादं वयस्कर माणूस विचारतं: बॅटरी बदलायची झाली तर केवढ्याला? त्यावर बहुतेक वेळा उत्तर मिळतं, "काका, तशी वेळच येणार नाही, आठ वर्षांची वॉरंटी आहे." काकांनी किंमत विचारली होती, आणि ती त्यांना मिळालेली नसते. गाडीतला सगळ्यात महाग भाग कोणता आणि त्याचा आजचा भाव काय, हे गिऱ्हाइकाला पैसे मोजण्याआधी कळायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. आजचं बोलणं त्याबद्दलच आहे.

विजेची गाडी वाईट, असं मला म्हणायचं नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली. तिचा पाया घालणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते योग्यच होतं. तिचा भावही खरोखर कोसळला आहे. जागतिक बाजारात २०१० च्या सुमारास एका किलोवॅट-अवरला, म्हणजे आपल्या भाषेत एक युनिट वीज साठवण्याच्या क्षमतेला, हजार डॉलरच्या वर पडत. २०२४ मध्ये ही सरासरी ११५ डॉलरवर आली. त्या हिशेबाने तीस युनिटांची बॅटरी कारखान्याच्या दारात तीन लाखांच्या आसपास बसते. पण तुम्हा-आम्हाला ती त्या दारात मिळत नाही. कंपनीचा नफा, वाहतूक, बसवण्याची मजुरी हे सगळं चढतं, आणि वर कर. विजेच्या अख्ख्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आहे. पण बॅटरी सुटी घ्यायला गेलात, तर तिच्यावर १८ टक्के. म्हणजे गाडी घेताना सरकार सवलत देतं, आणि म्हाताऱ्या गाडीत नवा जीव घालायची वेळ येते तेव्हा ती सवलत नसते. हे मला पटत नाही.

"इंजिनाला काय खर्च येत नाही?" असं कुणी विचारेल. येतो की! डिचोलीच्या एखाद्या गॅरेजात जाऊन बघा. इंजिन उघडून ठेवलेलं असतं, हेड बाजूला गोणपाटावर, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, आणि मिस्त्री ग्रीसने माखलेल्या हाताने कागदाच्या तुकड्यावर सामान लिहून देतो: रिंग, गॅस्केट, ऑईल सील, बेअरिंग. यादी लांबते, पण ती यादी असते. यंदा क्लच, पुढच्या चतुर्थीनंतर टायमिंग बेल्ट, असं वाटून घेता येतं. भाव न पटला तर दुसरं गॅरेज आहे, जुन्या बाजारात अख्खं इंजिनही मिळतं. बॅटरी मात्र सीलबंद पेटी आहे. आत शेकडो सेल असतात, सेलांचे गट म्हणजे मॉड्यूल असतात, आणि बिघाड कधी कधी एकाच मॉड्यूलमध्ये किंवा नियंत्रण करणाऱ्या सर्किटमध्ये असतो. तेवढाच भाग बदलून देणारं गॅरेज आपल्या गोव्यात शोधायला गेलात तर दमछाक होते. मग समोर एकच आकडा येतो, अख्ख्या पेटीचा. मध्यमवर्गीय माणसाला एकरकमी आलेला असा खर्च मोडून टाकतो.

आता जरा पैशांचा हिशेब करूया. कागद-पेन्सिल जवळ असेल तर घ्या. पेट्रोल ९६ रुपये धरा आणि गाडी लिटरमागे १६ किलोमीटर देते असं धरा. किलोमीटरला सहा रुपये झाले. विजेची गाडी घरच्या मीटरवर भरली, युनिट पाच रुपयांना पडलं आणि युनिटमागे सहा-साडेसहा किलोमीटर मिळाले, तर किलोमीटरला ऐंशी पैसे. फरक पाच रुपयांहून थोडा जास्त. गाडीची किंमत पेट्रोलच्या गाडीपेक्षा चार लाखांनी जास्त असेल आणि तुम्ही वर्षाला दहा हजार किलोमीटर चालवत असाल, तर ते चार लाख वसूल व्हायला पावणेआठ वर्षं लागतात. नेमकी तिथेच बहुतेक गाड्यांची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी संपत येते. वर्षाला पाच हजारच चालवत असाल तर पंधरा वर्षं. आणि रोज सार्वजनिक चार्जरवर, युनिटला पंधरा-वीस रुपये मोजून भरत असाल, तर तो फरक तीन-साडेतीन रुपयांवर येतो.

इथे गोव्याची गोष्ट वेगळी आहे. आपलं राज्य उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत जेमतेम शंभर किलोमीटर. घर ते ऑफिस, रविवारी देवळात, कधी मुलीच्या सासरी. अशा घरी वर्षाला पाच-सहा हजारांवर काटा जात नाही. बोटीवर नोकरीला असलेल्यांच्या गाड्या तर सहा-सहा महिने अंगणात ताडपत्रीखाली असतात. बॅटरी मात्र उभ्या गाडीतही म्हातारी होते. ती जशी किलोमीटरने झिजते, तशी वर्षांनीही झिजते. उष्मा आणि शंभर टक्के चार्ज करून ठेवण्याची सवय या दोन गोष्टी ती झीज वाढवतात. पाच लाखांची बॅटरी १ लाख ६० हजार किलोमीटर चालली, तर किलोमीटरमागे तीन रुपये पडले. तीच बॅटरी आठ वर्षांत चाळीस हजारच चालली, तर साडेबारा रुपये. कमी चालवणाऱ्याला बॅटरी महाग पडते ती अशी. म्हणून ज्यांचं फिरणं कमी आहे, त्यांनी चांगली चालणारी पेट्रोल गाडी विकून घाई करू नये, असं मी आग्रहाने सांगेन.

टॅक्सीवाल्या बांधवांचं गणित याच्या उलट. मोपा विमानतळावरून पाळोळ्याचं एक भाडं म्हणजेच शंभरेक किलोमीटर. वर्षाला तीस हजार चालवणाऱ्याचे चार लाख अडीच वर्षांत सुटतात. शिवाय एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट जातीची बॅटरी असेल तर ती दोन हजारांहून जास्त चार्ज सहज सोसते, त्यामुळे वॉरंटी संपली म्हणून बॅटरी मेली असं होत नाही. मुख्यमंत्र्यांनी २०२३ मध्ये जाहीर केलं होतं, की २०२४ च्या जानेवारीपासून नवी पर्यटक वाहनं विजेवरचीच असतील. तसं व्हायचं असेल, तर टॅक्सीवाल्याने कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी एक गोष्ट नक्की बघावी. खाजगी गाडीची वॉरंटी आणि भाड्याच्या गाडीची वॉरंटी अनेकदा सारखी नसते. वर्षं तीच असली तरी किलोमीटरची अट वेगळी असू शकते, आणि पुराच्या पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत धरलं आहे का, हेही वाचून घ्यावं. आपल्याकडे जुलैत नदीकाठचे रस्ते कसे होतात, ते तुम्हाला सांगायला नको.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. काही कंपन्या आता बॅटरीला आजीवन वॉरंटी देतात, पण ती पहिल्या मालकालाच. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली की अटी बदलतात. तेव्हा विकणाऱ्याकडून बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरली आहे, याचा सर्व्हिस सेंटरचा कागद मागा. सत्तर टक्क्यांच्या खाली गेली तरच बहुतेक वॉरंट्या लागू होतात, म्हणजे पंचाहत्तर टक्क्यांवरची गाडी घेतलीत तर रेंज पाव भागाने कमी आणि भरपाई शून्य. आणि नवी घेत असाल तर सुट्या बॅटरीचा आजचा भाव, करासकट, कोटेशनवर लिहून मागा. लिहून देत नसतील तर दुसऱ्या शोरूममध्ये जा.

नमस्कार.