नळीवरचा अंगठा

(काळ्या पोलादाचा अगदी जवळून दिसणारा तुकडा. मधोमध तांबूस रेषांचं वलय.)

हा अंगठा आहे. माझ्या भाच्याचा. शाई वापरलेली नाही, गंजात उमटलाय.

२०२४च्या ऑगस्टअखेर बडोद्याची विश्वामित्री नदी फुगली आणि समा भागातल्या आमच्या तळमजल्यात पाणी शिरलं. फ्रिज गेला, गाद्या गेल्या, आईचं शिलाई मशीन गेलं. त्या दिवसांत बडोद्याच्या रस्त्यांवरच्या मगरी सगळ्या देशानं मोबाइलवर पाहिल्या. आमची छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन, मात्र माळ्यावर, चेनच्या पिशवीत, ठणठणीत कोरडी. दहाएक दिवसांत गणपती बसले. भाच्यानं 'पुरातून वाचलेली बंदूक' मित्रांना दाखवली, पाच मिनिटं मिरवली आणि शहाण्यासारखी परत पिशवीत घालून माळ्यावर ठेवली.

खंडेनवमीला पूजेसाठी काढली. पुराचं पाणी जिला शिवलं नव्हतं, तिच्या नळीखाली काट धरला होता आणि पिस्टनच्या नळकांड्यावर हा अंगठा. वळणं मोजता येतील इतका स्वच्छ.

आम्ही बडोद्याचे मराठी लोक गंजाला बोलताना 'काट' म्हणतो, ओलसरपणाला 'भेज', आणि पाऊस पडत नाही पण अंग चिकचिकतं त्या हवेला 'बफारो'. तिन्ही शब्द गुजरातीतून घरात आले आणि इथलेच झाले. बंदुकीचं भांडण खरं तर याच तिघांशी आहे. पावसाशी नाही.

(दांडिया बाजारातला जुना वाडा. पाटावर मांडलेली शस्त्रं, हळदकुंकू, झेंडू.)

गायकवाडांनी सोन्याच्या आणि चांदीच्या तोफा घडवून घेतल्या होत्या. सोन्याला काट लागत नाही, तेव्हा त्या तोफांचं राहू द्या. बाकीच्यांच्या घरातली शस्त्रं लोखंडाची. खंडेनवमीला ती खाली उतरवून पुसायची, तेल लावायचं, ही रीत देवभक्तीइतकीच देखभालीची आहे, असं मला नेहमी वाटतं. फक्त एअरगनच्या बाबतीत तिची वेळ चुकते. नवमी येते पावसाळा सरल्यावर, आणि तोवर जूनपासूनचे चार महिने जाऊन चुकलेले असतात.

लोखंड गंजायला ते भिजावं लागत नाही. हवेतली सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या वर गेली की धातूवर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा पापुद्रा धरतो. त्यात प्राणवायू विरघळतो आणि काम सुरू होतं. त्यात घामातलं मीठ आलं की संपलंच. मीठ स्वतःच हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून बोट जिथे टेकलं तिथली जागा आजूबाजूच्या पोलादापेक्षा जास्त वेळ ओली राहते. भाच्याचा अंगठा असा छापला गेला.

बंदुकीचा काळा-निळा रंग आपलं रक्षण करतो, असा बऱ्याच जणांचा समज असतो. त्या थराला ब्ल्यूइंग म्हणतात. तो रंग नसतो, लोखंडाचाच काळा ऑक्साइड असतो, मुद्दाम चढवलेला. गंजाचाच सभ्य भाऊ म्हणा. पण तो थर अतिशय पातळ असतो, त्याला बारीक छिद्रं असतात, आणि त्या छिद्रांत तेल मुरलेलं असेल तरच तो उपयोगी. कोरडं ब्ल्यूइंग म्हणजे फाटकी छत्री.

(सरावाची जागा. जुलै महिना. पिशवीची चेन उघडते. नळीवर पांढुरकं धुकं.)

हे दृश्य आम्हाला मुद्दाम घडवावं लागलं नाही. खेळाडू रायफल रात्रभर एसीच्या खोलीत ठेवून सकाळी घेऊन आला होता. खोली २४ अंशांवर. बाहेर ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं तो, २७ अंशांच्या आसपास असतो. २४ अंशांचं पोलाद तिच्यात आलं की थंड पाण्याच्या ग्लासाला सुटतो तसा घाम नळीला सुटणारच. उपाय सोपा आहे, फक्त धीर लागतो: आल्या आल्या पिशवी उघडायची नाही. पाऊण-एक तास बंद राहू द्यायची, आतलं पोलाद बाहेरच्या हवेइतकं गरम होऊ द्यायचं, मग चेन. त्या मुलाला ते माहीत होतं, पण आधीच्या गटाचे नेम सुरू झाले होते. घाई कुणाला नसते?

स्पर्धेतल्या दाबहवेच्या रायफलीला आणखी एक दुखणं आहे, आणि ते बाहेरून दिसत नाही. तिच्या सिलिंडरमध्ये हवा २०० बारच्या, म्हणजे बाहेरच्या हवेच्या सुमारे दोनशेपट दाबानं भरतात. हिशोब करून बघा. २०० मिलीलिटरच्या सिलिंडरमध्ये बाहेरची सुमारे ४० लिटर हवा कोंबली जाते. जुलैतल्या वर सांगितलेल्या हवेच्या ४० लिटरमध्ये जवळजवळ एक ग्रॅम पाणी असतं. ४.५ मिलीमीटरचा छर्रा अर्ध्या ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे दोन छर्ऱ्यांच्या वजनाचं पाणी. हवा दाबली की त्यातलं बहुतेक बाष्प थेंब होऊन बसतं. हातपंपाला किंवा कॉम्प्रेसरला पाणी अडवणारी गाळणी नसेल, किंवा असून ती बदललेली नसेल, तर ते थेंब सिलिंडरच्या आत. म्हणून सिलिंडरवर कोरलेली मुदतीची तारीख वाचायची आणि पाळायची. इथे काटकसर नको, आत २०० बार आहेत.

(खिडकीशी टेबल. बनियनचं जुनं कापड, तेलाची छोटी बाटली.)

आमची बंदूक साधी, नळी खाली दुमडून स्प्रिंग ताणायची. आधी ती रिकामी आहे आणि ताणलेली नाही हे पाहायचं, मग बाकीचं. बाहेरच्या सगळ्या पोलादावर शिलाई मशीनचं तेल, थेंबभर, कापडाला लावून. हात फिरवला की बोटाला जेमतेम ओशट लागावं, इतकंच. तेल ओघळलं की दस्त्याच्या लाकडात मुरतं आणि लाकूड काळं-मऊ पडतं. खोबरेल नको, सरसूचंही नको. स्वयंपाकाची तेलं काही महिन्यांत खवट होऊन चिकट बसतात, आणि त्या चिकट्यावर धूळ. डब्ल्यूडी-४० हा फवारा पाणी हटवायला उत्तम, नावातच ते आहे (डब्ल्यूडी म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट), पण मागे राहणारा थर पातळ. भिजलेली बंदूक त्यानं पुसा, मग वर खरं तेल किंवा मेण लावा.

एक ठिकाण मात्र तेलाला बंद: पिस्टनपुढची हवा दाबली जाते ती पोकळी. तिथे खनिज तेल गेलं की दाबानं तापलेल्या हवेत ते पेट घेतं, डिझेल इंजिनसारखं. मोठा आवाज होतो, धूर येतो, मुलं खूश होतात, आणि पिस्टनचं सील जळतं. नळीच्या आतही फार खुडबुड नको. एअरगनमध्ये दारू जळत नाही, त्यामुळे तिचा क्षार राहत नाही, आणि छर्ऱ्यांच्या शिशाचा पातळ लेप थोडं राखतोही. पावसाळ्याआधी तेलाचं बोट लावलेली चिंधी एकदा ओढली की पुरे. त्यानंतरचे पहिले काही नेम इकडेतिकडे जातील, दोष आपल्या हाताला देऊ नका.

(अंगठा पुन्हा. त्यावर तेलाचा थेंब.)

आलेला काट काढायला भांडी घासायची तारेची जाळी घेऊन बसू नका. काटाबरोबर ब्ल्यूइंगही उतरेल. आम्ही तेल लावून रात्रभर मुरू दिलं आणि सकाळी पैसा घेतला. शब्दशः पैसा: बडोदा संस्थानचा, तांब्याचा, सयाजीरावांच्या काळचा, वर घोड्याचा खूर, खाली तलवार. तांबं पोलादापेक्षा मऊ, त्यामुळे कडेनं हळूहळू खरवडलं की गंज निघतो आणि पोलादाला ओरखडा येत नाही. नाणी जमवणाऱ्यांनी माफ करावं, आमचा पैसा आधीच झिजून गुळगुळीत झालेला होता.

आता ठेवण्याची जागा. खरा गुन्हेगार ती पिशवीच होती. आतला फोम ओल धरून ठेवतो आणि चेन तिला बाहेर जाऊ देत नाही. चामड्याच्या म्यानाचंही तेच, वर कमावलेल्या कातड्यातले क्षार आहेतच. पिशवी न्यायला-आणायला, मुक्कामाला नाही. बंदूक आता लाकडी कपाटात उभी असते, भिंतीपासून चार बोटं दूर, कुलपात. सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचं पुडकं, नारिंगी दाण्यांचं. रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोनेक तास वाळवतो, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नाही. औषधाच्या बाटलीतली चिमुकली पुडी कपाटाला काय पुरणार? आणि ओल शोषायला तांदूळ नको, ते खिचडीसाठी ठेवा.

दांडिया बाजारातल्या मामांनी कपाटात खाली जाळीआड एक कमी वॅटचा बल्ब लावलाय. मी हसलो होतो. मग आकडे पाहिले. २८ अंशांना ८० टक्के आर्द्रता असलेली हवा ३२ अंशांपर्यंत तापली की तीच ६४ टक्क्यांवर येते. पाण्याचा एक थेंबही बाहेर न काढता. तेव्हापासून हसत नाही. कापड मात्र त्या बल्बपासून लांब ठेवायचं.

(कपाटाचं दार उघडतं. भाचा नळी पुसतोय.)

गंज निघाला, खूण राहिली. काट जिथे बसला होता तिथलं ब्ल्यूइंग खाल्लं गेलंय, आणि प्रकाश तिरका पडला की अंगठा आजही दिसतो. पुन्हा ब्ल्यूइंग करून घ्यायचं का, असं मी विचारलं. भाचा नको म्हणाला. दर रविवारी तोच पुसतो, आणि पुसून झालं की बंदूक कापडानंच धरून कपाटात ठेवतो.