रॅकला तिघं

(दृश्य: सकाळचे पावणेसहा. शटर वर जातं, ट्यूबलाइट लागतात. रबराच्या फरशीवर सहा लोखंडी रॅक. भिंतीवर पांढरा बोर्ड.)

सहाची बॅच. अठरा माणसं, सहा रॅक, एक कोच. आरसे नाहीत, मशीन नावापुरती. बोर्डावर आजचं काम लिहिलंय: स्क्वॉट, पाचाचे तीन सेट. म्हणजे रॅकच्या हूकवर टेकवलेला बार, वजनाची लांब दांडी, खांद्यावर घेऊन पाचदा बसायचं-उठायचं, आणि मध्ये थांबून असं तीन वेळा. त्याखाली अठरा नावं आणि प्रत्येक नावापुढे गेल्या आठवड्याचा आकडा. कुणाचा ३०, कुणाचा ५५, कुणाचा १२०. काम सगळ्यांना एकच आहे, वजन प्रत्येकाचं वेगळं.

पुण्यात, ठाण्यात, नाशकात आता अशा बॅचेस बऱ्याच ठिकाणी चालतात. बाहेरून बघणाऱ्याला दिसतो तो आरडाओरडा, टाळ्या आणि शेवटचा ग्रुप फोटो. ताकद मात्र त्या आवाजातून येत नाही. ती येते कुणी कुणासोबत रॅक वाटून घ्यायचा, या अगदी साध्या हिशोबातून. म्हणून या चित्रफितीत आपण एकाच रॅकपाशी थांबणार आहोत.

(दृश्य: रॅक क्रमांक चार. दोन बायका, एक पुरुष. कोच हूकची उंची बघतोय.)

जोडीदार निवडताना पहिली बघायची ती उंची. वजन नंतर. बार ज्या हूकवर टेकतो तो साधारण काखेच्या जरा खाली हवा, म्हणजे बारखाली शिरून गुडघे थोडे वाकवले की तो खांद्यावर येतो आणि सरळ उभं राहिलं की सुटतो. हूक उंच असेल तर बार काढताना टाचा उचलाव्या लागतात. काढताना माणूस ताजातवाना असतो, निभावून नेतो. पाच स्क्वॉट मारून दमल्यावर तोच बार परत टेकवताना एका बाजूचा हूक चुकतो, आणि रॅकवरचे बरेच अपघात या एका क्षणात दडलेले असतात. शंका असेल तिथे एक भोक खालीच घ्यावं. पाच फूट एक इंच आणि पाच फूट अकरा इंच अशी माणसं एका रॅकला आली, तर दर सेटला हूक आणि खालच्या आडव्या दांड्या हलवाव्या लागतात. पहिल्या दोन सेटला हलवतात. तिसऱ्याला कंटाळतात.

त्या आडव्या दांड्या म्हणजे सेफ्टी. पूर्ण खाली बसल्यावर बार जिथे येतो त्याच्या दोन बोटं खाली त्या लावायच्या. रिकामा बार घेऊन एकदा बसून बघितल्याशिवाय उंची कळत नाही, अंदाजाने लावलेली दांडी एकतर मध्येच आडवी येते नाहीतर गरजेला उपयोगी पडत नाही.

(दृश्य: बारच्या टोकाचा क्लोजअप. प्लेट सरकते, क्लिप बसते.)

आता वजन. मोठा बार २० किलोचा, लांबी २ मीटर २० सेंटिमीटर. बायकांसाठीचा १५ किलोचा, जरा आखूड आणि पकडायला बारीक: २८ ऐवजी २५ मिलिमीटर. मिश्र बॅचमध्ये इथेच आकडे चुकतात. गेल्या आठवड्यात १५ च्या बारवर ४० केलेले असतात, आज हाताला २० चा बार येतो, प्लेटा त्याच लागतात आणि ४५ होतात. मग 'आज का जड जातंय' असा चेहरा होतो. बोर्डावर नेहमी बारसकट एकूण वजन लिहावं आणि सेटच्या आधी बार कुठला ते बघावं.

या रॅकवरच्या तिघांचे आकडे ४०, ५० आणि ६०. बार वीसचा. वॉर्मअपला सगळे रिकाम्या बारवर पाच-पाच, मग ३०, मग ज्याचं वजन जास्त तो पुढे आणखी एक-दोन पायऱ्या. कामाचे सेट हलक्याकडून जडकडे जातात: पहिलीला दोन्हीकडे दहाची प्लेट, दुसरीला त्यावर दोन्हीकडे पाच, तिसऱ्याला आणखी पाच. चाळीसवरून पन्नासला, पन्नासवरून साठला जायला दर वेळी फक्त दोन छोट्या प्लेटा. फेरी संपली की चार प्लेटा काढून परत चाळीस. काढताना दोन माणसं दोन टोकांना, एकाच वेळी. एका बाजूचं सगळं वजन आधी काढलं, की बार रॅकवरून उलटा उडतो. नवख्यांना हे सांगावं लागतं, एकदा बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

पण तिघंच का?

(दृश्य: पडद्यावर कोपऱ्यात घड्याळ. सेट सुरू होतो.)

घड्याळ बघा. पाच स्क्वॉटना वीस-पंचवीस सेकंद. बार काढणं, दोन पावलं मागे येणं, परत टेकवणं, प्लेटा बदलणं, सगळं धरून एका माणसाची पाळी सव्वा मिनिटात आटपते. बाकी दोघांच्या पाळ्या होईपर्यंत पहिलीला अडीच मिनिटं विश्रांती मिळते. जड सेटला स्नायू जे झटपट इंधन वापरतात, क्रिएटिन फॉस्फेट, ते बरंचसं भरून यायलाही दोन-तीन मिनिटंच लागतात. गणित आपोआप जुळतं. दोघं असले तर विश्रांती जेमतेम सव्वा मिनिट, दुसऱ्या सेटला पाय साथ सोडतात. चौघं असले तर पावणेचार मिनिटं, अंग गार पडतं आणि तासाची बॅच सव्वा तास चालते. एकट्याचं तर विचारूच नका: मोबाइल हातात आला की विश्रांती सहा मिनिटांची होते, आणि घाई असली की चाळीस सेकंदांची.

शिवाय तिघांना तीन कामं मिळतात. एक उचलतो. एक मागे उभा राहतो. तिसरा बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर वाकून, मोजतो.

मागच्याचं काम दिसतं तितकं सोपं नाही. त्याने बारला हात लावायचा नसतो. अडलंच तर दोन्ही हात काखेखालून छातीपाशी नेऊन माणसाला वर घ्यायचं, आणि स्वतःही त्याच्याबरोबर खाली-वर बसायचं, नाहीतर ऐन वेळी नुसतं कंबरेतून वाकून ओढलं जातं आणि पाठ याचीच धरते. वजन फारच जड असेल तर मागचा एकटा पुरत नाही, बारच्या दोन टोकांना दोघं उभे राहतात. एकाने आधी आणि दुसऱ्याने नंतर उचललं तर बार तिरका होतो, म्हणून आवाज एकाचाच. डेडलिफ्टला, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून सरळ उभं राहण्याला, आणि बार डोक्याच्या वर न्यायच्या प्रकारांना मदत करायची नाही. तिथे बार टाकून द्यायचा आणि बाकीच्यांनी लांब उभं राहायचं. मायेने पुढे केलेला हात तिथे मनगट गमावून बसतो.

मोजणारा उदार असून चालत नाही. मांडीचा सांधा गुडघ्याच्या वरच्या टोकाखाली गेला तरच एक मोजायचा. पाचवा अर्धाच झाला तर चार म्हणायचं, समोरचा कितीही रागावला तरी. ओरडण्यालाही रीत आहे. सेटच्या आधी शांतता, पहिले तीन निमूट, शेवटच्या दोनला एकच सूचना: 'गुडघे बाहेर' किंवा 'छाती वर'. तिघं तीन गोष्टी ओरडले की खाली बसलेल्याला काहीच ऐकू येत नाही.

(दृश्य: बोर्डावरचे आकडे. मार्करने ५० च्या जागी ५२.५.)

सोबत असली की माणूस जास्त जोर लावतो, हे सरसकट खरं नाही. माक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून मोजमाप केलं होतं, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झालं. एकटा माणूस जेवढा ओढतो ते शंभर धरलं, तर आठ जण मिळून ओढताना प्रत्येकाच्या वाट्याला ५० सुद्धा आले नाहीत. याची दोन कारणं. आठ जणांचा झटका एका क्षणी पडत नाही. आणि कोण किती ओढतंय ते दिसत नसलं की हात ढिले पडतात.

पुढे १९२० च्या दशकात ओटो क्योलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने बर्लिनच्या नौकानयन क्लबातल्या मंडळींना वजन उचलायला लावलं. आधी एकट्याने, मग जोडीने एकच जड बार. एक जण थांबला की दोघांचंही थांबणार. इथे उलटं झालं: जोडीतला कमजोर माणूस एकट्याने जेवढं टिकला होता त्याहून जास्त टिकला. आणि हा फरक सर्वांत मोठा कुठे दिसला? जिथे दोघांच्या ताकदीत बेताचं अंतर होतं. बरोबरीच्यांत तो कमी, जमीन-अस्मान असलेल्यांतही कमी.

बोर्डावर प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहायचा तो यासाठी. आणि ४०, ५०, ६० अशी त्रिकुटं लावायची, ४०, ४० आणि १२० अशी नाही.

हे वस्तादांना प्रयोगाशिवाय ठाऊक होतं. कोल्हापूरच्या गंगावेश किंवा मोतीबाग तालमीत हौदात कोण कुणाशी लढत धरणार हे पोरं ठरवत नाहीत, वस्ताद ठरवतात. जोड लावताना समोरचा थोडा भारी हवा, पण असा नको की पोरगं नुसतंच खाली दबून राहील. मेहनतीआधी हौदाची माती उकरायची तीसुद्धा सगळ्यांनी मिळून, आणि खोरं कुणाच्या हातात ढिलं चाललंय ते वस्तादांना काठावरून दिसतं. रिंगेलमनचा दोर तिथे सैल पडायचा नाही.

(दृश्य: डेडलिफ्ट. पाच किलोच्या लहान लोखंडी प्लेटा, बार नडगीच्या खूप खाली.)

नवख्यांच्या बॅचला आणखी एक अडचण येते. डेडलिफ्टला बारचा मध्य जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असायला हवा, कारण मोठ्या प्लेटेचा व्यास ४५ सेंटिमीटर. तीस किलो उचलणारीच्या बारला पाच-पाचच्या चिमुकल्या लोखंडी प्लेटा लावल्या, की बार घोट्याजवळ येतो आणि तिची पाठ गोल होते. मग कोच तिला 'पाठ सरळ ठेवा ताई' सांगत बसतो. चूक तिची नसतेच. पाच किलोच्या पण पूर्ण व्यासाच्या रबरी प्लेटा आणाव्यात, नाहीतर प्लेटांखाली लाकडी ठोकळे द्यावेत. जिम पहिल्या मजल्यावर असेल तर ठोकळ्यांनी खालच्या मजल्यावरच्यांची झोपही थोडी वाचते.

श्वास: खाली जाण्याआधी पोटात भरून घ्यायचा, कंबरेला चारही बाजूंनी ताण द्यायचा, वर येताना अवघड भाग ओलांडला की सोडायचा. श्वास रोखला की रक्तदाब त्या क्षणी खूप चढतो. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून हलकं वजन घ्यावं आणि वर येताना श्वास सोडत राहावं. बॅचमध्ये हे लाजेने सांगितलं जात नाही, म्हणून प्रवेशाच्या अर्जातच विचारलेलं बरं.

आणि आता सोबतीचा खरा धोका.

(दृश्य: भिंतीवरचं उलटं मोजणारं घड्याळ. दमलेले चेहरे.)

कधी कधी बॅचच्या शेवटी वेळ लावून चढाओढ होते: शंभर बैठका, कोण आधी. रोजच्यांना त्यात मजा येते. दोन महिन्यांनी परत आलेला किंवा पहिल्याच आठवड्यातला माणसांच्या भरात शंभर मारतो, कारण थांबलं तर सगळे बघतील. एकटा असता तर तिसाला थांबला असता. दुसऱ्या दिवशी नेहमीचं अंग दुखणं वेगळं. पण मांड्या सुजून टणक झाल्या, जिना उतरवेना आणि लघवी कोलासारखी काळपट झाली, तर हे रॅब्डोमायोलिसिस असू शकतं. फुटलेल्या स्नायूंतलं द्रव्य मूत्रपिंडात जातं आणि ती निकामी होऊ शकतात. लिंबू सरबत पिऊन वाट बघायची नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जायचं. नव्या माणसाला पहिले दोन आठवडे चढाओढीत घ्यायचंच नाही. त्याच्या हातात घड्याळ द्यावं, त्याने बाकीच्यांचं मोजावं.

(दृश्य: बॅच संपलेली. कोच बोर्डापाशी, रॅकचे तिघं बाजूला.)

पाचाचे तिन्ही सेट नीट झाले, तर पुढच्या आठवड्याला अडीच किलो वाढवायचे, म्हणजे दोन्हीकडे सव्वा. सव्वाच्या प्लेटा जिममध्ये हमखास हरवतात, डझनभर घेऊन ठेवाव्यात. लागोपाठ दोन आठवडे अडलं तर दहा टक्के उतरून पुन्हा चढायचं. सुरुवातीला आकडे भराभर वाढतात, त्यात स्नायूंच्या वाढीपेक्षा मेंदू आणि नसांनी काम शिकण्याचा वाटा मोठा असतो. स्नायूबंध या वेगाने तयार होत नाहीत, म्हणून गुडघा कुरकुरला तर वाढ थांबवायची.

दोन-तीन आठवडे कुणी आलं नाही तर रॅकवरचे दोघं फोन करतातच, ते सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते परत आल्यावरचं. आजारपण असो, गावची जत्रा असो की परीक्षा, परतणाऱ्याला जुनाच आकडा लावायचा असतो आणि जोडीदारही 'होतंय रे, लाव' म्हणतात. तसं करू नये. जुन्या वजनाच्या ऐंशी टक्क्यांनी सुरुवात, पहिल्या आठवड्यात तीनऐवजी दोन सेट, आणि बोर्डावर त्याच्या नावापुढचा आकडा त्याने किंवा त्याच्या दोस्तांनी नाही, कोचने लिहायचा.